मेंढपाळांची लेकरे आणि हिवताप

पावसाळा सरला की आपल्या सांगोला-माण भागातील मेंढपाळ कळप घेऊन बाहेर पडतात. वाडा आज या रानात, चार दिवसांनी पुढच्या. पाणवठ्याजवळच्या पालात निजलेल्या लेकराला रात्री ॲनॉफिलिस डासाची मादी चावते. याच डासाच्या पोटात रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे हिवतापाचे जंतू आढळले होते.

हुडहुडी भरते, ताप चढतो, घाम येऊन उतरतो. लेकरू खेळू लागले की आई निश्चिंत होते. आम्हांस खरा धोका येथेच दिसतो. व्हायवॅक्स जातीचे जंतू यकृतात दडून राहतात व काही महिन्यांनीही ताप उलटवतात. रक्तातील जंतूंवरचे क्लोरोक्वीन ३ दिवसांचे. यकृतातील जंतूंवरचे प्रायमाक्वीन मात्र १४ दिवस, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, कारण वर्षाच्या आतील बाळाला ते देत नाहीत. आणि १४ दिवसांत वाडा किती राने ओलांडतो! फाल्सिपेरम जातीच्या हिवतापात तर लहान मूल एका दिवसातही अत्यवस्थ होऊ शकते.

आपल्या शेतात मेंढरे बसविणाऱ्या पालकांना आमची विनंती आहे. खताच्या मोबदल्यात धान्य देताना लेकरांच्या तापाचीही चौकशी करावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणी विनामूल्य होते. तेथवर त्यांना पोहोचवावे, आणि वाडा हलण्यापूर्वी उरलेल्या गोळ्या व तपासणीचा कागद आईच्या हाती असल्याची खात्री करावी.