शीर्षकपानाची शेवटची ओळ : जावजी दादाजी आणि त्यांचे घराणे

एकोणिसाव्या शतकातील पंडितांची, सुधारकांची आणि संस्थानिकांची चरित्रे आपल्याकडे पुष्कळ आहेत. सुतार, विणकर, सराफ, छापखानेवाले यांची चरित्रे मात्र बोटांवर मोजण्याइतकी. पांढुर्णा-सौंसर भागात मराठी शिकवताना मला विद्यार्थी नेहमी विचारतात, "सर, आमच्या पणजोबांबद्दल कुणी काहीच लिहिलेले नाही. मग आम्ही घराण्याचा इतिहास लिहायचा कशावरून?" प्रश्न रास्त आहे. धंदा करणारा माणूस स्वतःविषयी क्वचितच लिहितो, पण त्याच्या धंद्याचे कागद त्याच्याविषयी बरेच काही सांगतात. ते वाचायचे कसे, हे समजण्यासाठी मी मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे मालक जावजी दादाजी चौधरी यांचे उदाहरण घेतो.

जावजींचा जन्म १८३९चा. घरची गरिबी असल्यामुळे शाळा फारशी झाली नाही. लहानपणीच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामाला लागले. पगार दरमहा दोन रुपये. खिळा म्हणजे छपाईचे धातूचे अक्षर. या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम हे देवनागरी खिळे सुधारण्याचे काम करीत होते. त्यांच्या हाताखालच्या माणसांतून जावजी आणि त्यांचे मित्र राणूजी रावजी आरू तयार झाले. पुढे १८६४ मध्ये जावजींनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे : आधी अक्षर, मग पुस्तक.

देवनागरीत हा क्रम का महत्त्वाचा, ते विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून पाहावे. एका 'क'ला काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार जोडले, त्यात क्त, क्र, क्ष अशी जोडाक्षरे घातली की एका अक्षरासाठीच केवढे खिळे लागतात! संपूर्ण लिपीला शेकडो लागतात. ते एका उंचीचे, एका जाडीचे आणि नीट जुळणारे नसतील तर ओळ वेडीवाकडी दिसते. राणूजींनी कोरलेल्या ठशांमुळे निर्णयसागरचे अक्षर रेखीव झाले. लहान आकारातही ते स्वच्छ उमटत असल्याने वर मूळ ग्रंथ आणि खाली बारीक अक्षरात टीका, अशी पाने छापता आली. १८८१ मध्ये सुरू झालेले विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' हे मुलांचे मासिक याच छापखान्यातले. १८८६पासून निघालेली 'काव्यमाला' ही संस्कृत ग्रंथांची मालिकाही इथलीच. तिचे संपादक पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब. ज्याला शाळा नीट मिळाली नाही, त्याच्या छापखान्यातून देशभरच्या पाठशाळांना ग्रंथ गेले. ५ एप्रिल १८९२ रोजी जावजी वारले.

एवढे झाले चरित्र. आता घराण्याकडे वळू. इथे एक कायदा आपल्या मदतीला येतो. १८६७च्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण, तसेच प्रकाशकाचे नाव व ठिकाण घालणे सक्तीचे झाले. सरकारचा हेतू छापखान्यांवर नजर ठेवण्याचा होता. पण त्यामुळे अभ्यासकाला एक आयते साधन मिळाले. शीर्षकपानाच्या तळाशी किंवा पाठीमागे असलेली ही ओळ आपण एरवी वाचतही नाही.

निर्णयसागरची वेगवेगळ्या दशकांतील पुस्तके शेजारी-शेजारी ठेवा आणि फक्त ही ओळ वाचत जा. जावजींनंतर तुकाराम जावजी हे नाव येते. १९२० आणि १९३०च्या दशकांत पांडुरंग जावजी दिसतात. १९४०च्या दशकात सत्यभामाबाई पांडुरंग हे नाव येते. पत्ता मुंबईच्या कोलभाट गल्लीचाच राहतो, मात्र घरक्रमांक आधी २३ आणि नंतर २६–२८ असा दिसतो. म्हणजे एका ओळीतून मालकी कुणाकडे गेली, ती एका बाईच्या नावावर कधी आली आणि जागा कशी बदलली, एवढे हाती लागते. संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशक म्हणून त्या काळी एका स्त्रीचे नाव छापले जात होते, हे कुणाच्या आठवणींवर विसंबून नाही, पुस्तकावरच आहे.

मात्र या ओळीकडून तिच्या ऐपतीबाहेरचे काम घेऊ नये. त्यासाठी मी विद्यार्थ्यांना तीन नियम सांगतो.

पहिला : नावावरून नाते सुचते, पण सिद्ध होत नाही. 'पांडुरंग जावजी' यातले 'जावजी' वडिलांचे नाव असू शकते, तसेच धंद्यात चालत आलेले पेढीचे नावही असू शकते. 'सत्यभामाबाई पांडुरंग' यातले दुसरे नाव रूढीप्रमाणे पतीचे मानावे, पण वंशावळीत लिहिताना 'अनुमान' असा शेरा मारावा. दुसऱ्या कागदाचा आधार मिळाला की शेरा काढावा.

दुसरा : वर्षे पुस्तकाची असतात, माणसाची नव्हेत. नाव बदलले म्हणजे आधीचा मालक त्याच वर्षी वारला असे नाही.

तिसरा, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा : कायद्याने जबाबदार कोण, एवढेच ओळ सांगते. हात कुणाचा होता, ते ती सांगतेच असे नाही. रामचंद्र येसू शेडगे हे नाव मुद्रक म्हणून निर्णयसागरच्या कितीतरी पुस्तकांवर आहे, म्हणून ते आज आपल्याला ठाऊक आहे. ज्यांच्या हातून ती अक्षरे घडली त्या राणूजींचे नाव मात्र या ओळीत शोधून सापडत नाही. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांची तर गोष्टच सोडा. म्हणून कागद वाचताना 'यात कोण आहे' याबरोबरच 'यात कोण असायला हवे होते' हेही विचारावे.

हीच रीत आपल्या भागाला लावता येते. आपल्याकडच्या दुकानदाराला असा कायदा नव्हता, पण त्याच्या घरी रोजमेळ आणि खातेवही होती. हा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. इथल्या जुन्या मराठी लिखापढीची लिपी मोडी. शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात वडिलांचे नाव व धंदा सापडतो. बंदोबस्ताच्या मिसलींत घर, शेत आणि जात सापडते. नाशिक-प्रयागच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आजोबा-पणजोबांची नावे सापडतात. यांतले दोन कागद एकमेकांशी जुळले की 'अनुमान' हा शेरा खोडता येतो.

अडचण वेळेची आहे. दिवाळीला नवी वही पूजली जाते आणि जुनी माळ्यावर जाते. घर पाडून नवे बांधले की ती रद्दीत जाते. आमची मुले हिंदी शाळेत नागरी वाचायला शिकतात, पण घरातली मोडी वही त्यांच्यासाठी नुसत्या रेघोट्या ठरते. आजोबांच्या पिढीत मोडी वाचणारा एखादा तरी सापडतो, उद्या तोही सापडणार नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. त्याचा इतिहास आता लिहिला जाईल. या वह्या तोवर टिकल्या नाहीत तर त्यात कचेऱ्या असतील, अधिकारी असतील, पण ज्यांनी इथला बाजार चालवला ती माणसे नसतील.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती अशी : प्रत्येक विद्यार्थ्याला एकच काम द्यावे. घरातला सर्वांत जुना कागद शोधायचा, त्यावरचे नाव, गाव, वर्ष आणि धंदा उतरवून काढायचा, आणि कागद होता त्याच जागी परत ठेवायचा. मोडी असेल तर फोटो काढून वाचणाऱ्या आजोबांकडे न्यायचा. चार ओळींची ही नोंद वर्गात जमा झाली की गावच्या कारागिरांचा इतिहास लिहायला सुरुवात झालीच म्हणायची.