गोल्फच्या मैदानाची रचना व वाळूची निवड

गोल्फचें मैदान आणि शेतकरी यांचा संबंध काय, असा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनांत साहजिकच येईल. परंतु पाण्याचा निचरा, जमिनीची घडण व गवताची जोपासना हे तिन्ही विषय शेतकीचेच होत. आणि आपण शेतांतून जिचें निर्मूलन करूं पाहतों ती हरळीच उष्ण देशांतील गोल्फच्या मैदानांवर हौसेनें वाढविली जाते. सबब या विद्येच्या विद्यार्थ्यास आरंभीं जो धडा शिकावा लागतो, तो येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा खेळ स्कॉटलंडच्या समुद्रकांठीं वाढला. तेथील वाळूच्या टेकाडांची जमीन नांगरटीस निरुपयोगी. तीवर मेंढ्या चरत. पाऊस पडतांच पाणी जिरे व गवत आंखूड राही. पुढें हा खेळ चिकण जमिनीच्या प्रांतांत गेला. कलकत्त्यास त्याची संस्था १८२९ सालींच निघाली. जें समुद्रकांठीं निसर्गानें फुकट दिलें होतें, तें अशा ठिकाणीं पैसे खर्चून घडविणें भाग पडूं लागलें.

ज्या खळग्यांत चेंडू ढकलावयाचा, त्याभोंवतालच्या अगदीं बारीक कापलेल्या हिरवळीस ‘ग्रीन’ म्हणतात. तीवर नित्य माणसांची वर्दळ असते. चिकणमाती तुडविली म्हणजे तिच्यांतील पोकळ्या बुजून मुळें गुदमरतात. वाळूचे कण मात्र एकमेकांस टेकून राहतात, म्हणून तुडविल्यावरही हवेस व पाण्यास वाट उरते.

अमेरिकेच्या गोल्फ संघानें १९६० सालीं प्रसिद्ध केलेली व पुढें वेळोवेळीं सुधारलेली रचना अशी: तळाच्या जमिनीस उतार देऊन ती दाबावी व तींत चर खणून निचऱ्याचे नळ बसवावे, दोन नळांमधील अंतर सुमारें ५ मीटरांहून अधिक असूं नये. त्यावर १० सेंटिमीटर खडी व खडीवर ३० सेंटिमीटर वाळूचा थर असावा. येथें एक मौज आहे. बारीक वाळू पाणी धरून ठेवते. खालच्या खडीच्या मोठ्या पोकळ्यांस तें ओढून घेतां येत नाहीं. त्यामुळें थोडें पाणी वाळूच्या तळाशीं लटकून मुळांच्या उपयोगीं पडतें, आणि जास्त झालेलें तेवढेंच खालीं निघून जातें.

आरंभीं आम्हांसही वाटत असे कीं, वाळू ती वाळू. तींत निवड कसली? परंतु तसें नाहीं. या थरांत वजनानें शेंकडा ६० तरी कण पाव ते एक मिलिमीटर जाडीचे लागतात. गाळ शेंकडा ५ हून व चिकणमाती शेंकडा ३ हून अधिक चालत नाहीं. तासाला निदान १५ सेंटिमीटर पाणी त्यांतून उतरलें पाहिजे. घरगुती परीक्षा सोपी आहे: काचेच्या बरणींत वाळू व पाणी घालून खूप हलवावें. वाळू तेव्हांच तळीं बसते, गाळ तिच्यावर थर धरतो, आणि चिकणमाती असल्यास पाणी कित्येक तास गढूळ राहतें. मात्र खरेदीपूर्वीं चाळणींची रीतसर परीक्षा करविणेंच इष्ट.

आतां हिशेब पाहूं. एक ग्रीन ५०० चौरस मीटरांचें धरल्यास १५० घनमीटर, म्हणजे सुमारें ५३ ब्रास वाळू लागेल. अठरा ग्रीनांस ती साडेनऊशें ब्रासांवर जाईल. शिवाय हिरवळीवर वरचेवर वाळू पसरावी लागते, आणि ती मूळच्याच जातीची पाहिजे. निराळी वाळू टाकल्यास थरावर थर सांचून पाणी मध्येंच अडतें व मुळें वरच राहतात. म्हणून काम आरंभण्यापूर्वींच पुढील कित्येक वर्षांचा पुरवठा निश्चित करावा, व प्रत्येक खेपेची वाळू तपासून घ्यावी.

परंतु ही वाळू आणावयाची कोठून? नदीच्या पात्रांतील वाळू म्हणजे पावसाळ्यानें भरलेली पाण्याची पेढीच होय. ती बेसुमार उपसली तर पात्र खोल जातें व कांठच्या विहिरींचें पाणी उतरतें. खेळ एकाचा आणि कोरडी विहीर दुसऱ्याची, असा प्रकार होतो. जगांत वर्षास सुमारें ५,००० कोटी टन वाळू व खडी वापरली जाते, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेचा २०२२ सालचा अंदाज आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही २०१२ सालीं असें ठरविलें कीं, ५ हेक्टरांहून लहान क्षेत्रांतून वाळू काढण्यासही पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी हवी. दगड दळून, धुवून व चाळून केलेली वाळू हा एक पर्याय आहे. तिची भुकटी मात्र नीट धुतली गेली पाहिजे.

शेतकऱ्यानें यांतून घ्यावयाचा बोध हा कीं, काळ्या चिकण जमिनींत चार गाड्या वाळू टाकून निचरा सुधारत नाहीं. थोडे कण चिकणमातींत रुतून बसतात. वाळूचा गुण येण्यास जमिनीचा बहुतेक भागच वाळूचा असावा लागतो. तो खर्च ग्रीनास परवडतो, शेतास नाहीं. शेतास चर व शेणखत हेच उपाय योग्य होत. आणि नदीची वाळू नदींतच राहिली तर तिचा लाभ आपल्या विहिरीसच मिळतो.