नियोजनवही आणि तिचा साज

दिवाळीच्या दिवसांत आपल्या सुरत शहरातील एखाद्या जुन्या पेढीवर तुम्ही गेला असाल, तर एक रम्य दृश्य तुमच्या दृष्टीस पडले असेल. लाल कापडाच्या बांधणीची कोरी वही पाटावर ठेवलेली असते. तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक रेखाटलेले असते. 'श्री' हे अक्षर प्रथम एकदा, खाली दोनदा, त्याखाली तीनदा, असे वाढत्या ओळींनी लिहून त्याचे सुबक शिखर रचलेले असते. यास चोपडापूजन म्हणतात. आता व्यापारी म्हणजे मोठा हिशेबी मनुष्य. कागदाचा कोपराही तो व्यर्थ दवडीत नाही. असे असूनही वर्षाचा पहिला आकडा मांडण्यापूर्वी तो वहीला नटवितो. असे का बरे? ज्या वहीचा आपण मान राखतो, ती वही रोज उघडावीशी वाटते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

पैशाच्या वहीची ही कथा झाली. परंतु पैशाहूनही मौल्यवान असा जो वेळ, त्याची वही आपल्यापैकी कितीजण ठेवतात? घरातील भिंतीवर दिनदर्शिका असते. १९७३ साली निघालेले 'कालनिर्णय' मराठी घरांत इतके रुळले आहे, की दुधाचे खाडे आणि गॅसच्या टाकीची तारीखही त्यावरच टिपली जाते. पण ती साऱ्या घराची दिनदर्शिका. स्वतःच्या वेळेसाठी स्वतःची अशी एक वही असावी, तिला इंग्रजीत 'प्लॅनर' म्हणतात. आपण तिला नियोजनवही म्हणू. ती कशी वापरावी व कशी सजवावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक भेद ध्यानी घ्या. रोजनिशीत घडून गेलेले लिहावयाचे. नियोजनवहीत घडवावयाचे लिहावयाचे. रोजनिशीचा थोर आदर्श तर आपल्या सुरत जिल्ह्यातच आहे. महात्माजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांचा जन्म १ जानेवारी १८९२ रोजी याच जिल्ह्यातील सरस या गावी झाला. १९१७ साली ते गांधीजींकडे आले, आणि १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात त्यांचे निधन झाले. या पाव शतकात गांधीजींच्या सहवासात जे पाहिले व ऐकले, ते त्यांनी अखंड टिपून ठेवले. त्या गुजराती डायरीस १९५५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. छापील दैनंदिनीची प्रथा त्या मानाने व्यापारी वळणाची. लंडनमधील कागदविक्रेते जॉन लेट्स यांनी १८१२ साली तारखा छापलेली दैनंदिनी विक्रीस आणली, आणि पुढे येणारे दिवस आधीच कोऱ्या पानांवर मांडून ठेवण्याची सोय सामान्य माणसास झाली. आपली नियोजनवही ही त्याच कुळातील होय.

वही सजविणे हा पोरखेळ आहे, असे कोणी म्हणेल. त्यास समर्थ रामदासांकडे पाठवावे. दासबोधाच्या १९ व्या दशकातील पहिला समास 'लेखनक्रियानिरूपण' या नावाचा आहे. अक्षर गोल व सरळ असावे, ओळींतील अंतर सारखे असावे, एवढेच सांगून समर्थ थांबत नाहीत. पानाच्या चारी बाजूंस कोरी जागा सोडा, म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षर शाबूत राहील, असा व्यवहारी उपदेश ते करतात. पुढे नाना देशींचे बोरू, हिंगूळ, चित्रे, पुस्तक गुंडाळावयाची बासने, मेणकापड, पेट्या व कुलपे यांचाही उल्लेख येतो. म्हणजे ज्या समासाची कोरी जागा तुम्ही वेलबुट्टीने भरता, ती मुळात अक्षरांच्या रक्षणासाठी सोडलेली आहे. उपयोग आणि शोभा या सख्ख्या बहिणी आहेत, त्या अशा.

आता आपल्या नवागामाकडे वळू. येथील बहुतेक मराठी कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून तापीकाठच्या रेल्वेने कामधंद्यासाठी आलेली. कोणाचे वडील लूमच्या कारखान्यात, कोणाचे गिरणीत. पाळी बारा तासांची. कधी दिवसाची, कधी रात्रीची. घरी आई साड्यांना लेस लावते किंवा खडे चिकटविते. अशा घरात वेळ मोजला जातो तो यंत्राच्या आणि मालाच्या सोयीने. वडिलांची रात्रपाळी असली की दिवसा ते झोपतात, आणि एका खोलीत मुलाने मोठ्याने पाठांतर करावे तरी कसे? "बाई, अभ्यासाला वेळच मिळत नाही," असे मुले सांगतात, तेव्हा ती नेहमीच सबब सांगत असतात असे नाही.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने मला तिची वही दाखविली. मागील वर्षांच्या वह्यांतील कोरी पाने काढून तिने ती जाड दोऱ्याने शिवली होती, आणि साडीच्या उरलेल्या तुकड्याचे वेष्टन चढविले होते. प्रत्येक आठवड्यास समोरासमोरची दोन पाने. डाव्या पानावर सात रकाने. त्यांत वडिलांच्या पाळीचे तास तिने काळ्या पेन्सिलीने भरले होते, आईच्या मालास हात लावावयाचे तास हिरव्या रंगाने, शाळेचे निळ्याने. जे कोरे उरले होते, त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "बाई, हे माझे." दहावीच्या वर्षात तिच्या चेहऱ्यावर मी प्रथमच एवढे समाधान पाहिले. वेळ वाढला नव्हता. आपल्या मालकीचा वेळ कोणता, हे तिला प्रथमच दिसले होते.

उजव्या पानावर मात्र निराळीच मौज होती. आईकडे साड्यांचा जो जो माल येई, त्याची तारीख व नग लिहून, शेजारी त्या साडीच्या लेसचा बोटभर तुकडा किंवा जरीचा धागा तिने खळीने चिकटविला होता. त्यामुळे ते पान एखाद्या रंगीत किनारीसारखे दिसे. "हे कशाला?" असे मी विचारले, तर म्हणाली, "छान दिसतं म्हणून."

पुढे एके महिन्यास मजुरीचा हिशेब जुळेना. माल देणाऱ्याच्या हिशेबी ५२ साड्या होत होत्या. आई ६० म्हणत होती. आठ साड्यांची मजुरी ही अशा घरात लहान गोष्ट नव्हे, आणि तोंडी शब्दाला तेथे किंमत नव्हती. मुलीने वही आणली. १८, २२, १२ आणि ८ अशा चार नोंदी होत्या, आणि शेवटच्या आठांपुढे पोपटी रंगाची लेस चिकटविलेली होती. ती लेस पाहताच माल देणाऱ्यास आठवले, की तो आठांचा माल मागाहून घाईने पाठविला होता व लिहावयाचा राहिला होता. त्याने पैसे चुकते केले. आकडा वाद मिटवू शकला नसता कदाचित. शोभेसाठी लावलेल्या त्या बोटभर लेसने तो मिटविला. त्या दिवसापासून तिची आई माल आला की प्रथम लेकीला हाक मारू लागली, "ये गं, वहीत लाव."

मुलांनो, अशी वही तुम्हांसही करता येईल. त्याची रीत सांगते.

आरंभ गणिताने करा. आठवड्याचे एकूण तास १६८. रोज आठ तास झोप धरल्यास ५६ तास गेले. शाळा व जाण्यायेण्याचे रोज सहा याप्रमाणे सहा दिवसांचे ३६ तास. स्नान, जेवण इत्यादींस रोज तीन म्हणजे २१. घरकामास रोज दोन म्हणजे १४. यांची बेरीज १२७ होते, आणि ४१ तास शिल्लक राहतात. कोणाचे २० उरतील, कोणाचे १०. परंतु शून्य क्वचितच. तो आकडा पहिल्या पानावर लाल शाईने लिहा. तेच तुमचे भांडवल.

यानंतर ठिपक्यांची रांगोळी आठवा. अंगणात आई आधी ठिपके मांडते, नंतर रेषा ओढते. ठिपका चुकला तर पुढे रंग कितीही भरले तरी आकृती बिघडते. वहीतही तसेच आहे. परीक्षेचे दिवस, शुल्क भरण्याची मुदत, वडिलांच्या पाळ्या, गावी जाण्याची गाडी, हे न हलणारे ठिपके आधी मांडा. मग प्रत्येक दिवसासाठी तीनच कामे लिहा आणि प्रत्येकाआधी एक लहान चौकोन काढा. काम झाले की चौकोनात खूण करा. उद्यावर गेले तर बाण काढा. नकोसे ठरले तर एक रेघ मारा. चौकोनात खूण करताना जो आनंद होतो, तो अनुभवल्यावाचून कळावयाचा नाही.

येथे एक सावधगिरी हवी. कामास किती वेळ लागेल, हे सांगताना माणूस सहसा कमी सांगतो. डॅनियल काह्नमन व अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या चुकीस नियोजनभ्रम अशा अर्थाचे नाव दिले. म्हणून बीजगणिताच्या प्रकरणास एक तास लागेल असे वाटले, तर वहीत दीड तास राखावा. मागल्या खेपेस प्रत्यक्ष किती वेळ लागला होता, ते मागचे पान उलटून पाहावे.

आता साज. त्यास महाग वस्तू लागत नाहीत. तीन रंगांच्या पेन्सिली, पट्टी, गव्हाच्या पिठाची खळ, आणि आपल्या वस्तीत विपुल मिळणाऱ्या लेसच्या व जरीच्या कात्रणी पुरेत. प्रत्येक रंगास एकच अर्थ द्या व तो वर्षभर बदलू नका. महिन्याच्या पहिल्या पानावर त्या त्या महिन्याची खूण काढा. या बाबतीत आपण सुरतचे मराठी लोक भाग्यवान आहोत. आपल्याला वर्षारंभ एक नाही, चार आहेत. जूनमध्ये शाळेचे वर्ष, कार्तिक शुद्ध प्रतिपदेस गुजराती वर्ष, जानेवारीत इंग्रजी आणि चैत्रात गुढीपाडवा! जानेवारीत उत्तरायणाचा पतंग, चैत्रात गुढी, वैशाखात आखाजीचा झोका, श्रावणात कानबाई, आश्विनात पणती. खानदेश आणि गुजरात एकाच वहीच्या पानांवर सुखाने नांदतील. एका तारखेस वही सुरू करावयाची राहिली, तरी दुसरा वर्षारंभ दूर नसतो.

मात्र सजावटीचा अतिरेक नको. ज्या मुलीची हकिगत सांगितली, तिनेच एकदा रविवारची दुपार मोराचे पीस रंगविण्यात घालविली, आणि त्याच पानावर लिहिलेले भूमितीचे प्रमेय तसेच राहिले. सोमवारी तिने स्वतःच ते मला सांगितले. मी रागावले नाही, एवढेच म्हटले, "आता नियम कर. आधी चौकोनात खूण, मग पानावर रंग." तो नियम तिने पाळला. सजावट ही तिची बक्षिसी झाली.

आणि खाडा पडला तर? बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन थोर पुरुषाने आत्मचरित्रात आपल्या लहानशा वहीचे वर्णन केले आहे. १३ सद्गुणांसाठी १३ पाने, त्यांवर तांबड्या शाईने आखलेले आठवड्याचे सात रकाने, आणि चुकेल तेथे काळा ठिपका. जुने ठिपके खरवडून खरवडून कागदास भोके पडली, तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची वही घेतली व ओल्या स्पंजाने खुणा पुसू लागला. सर्वांत अवघड गेला तो सद्गुण कोणता म्हणाल, तर व्यवस्थितपणा! हे त्याने मोकळ्या मनाने कबूल केले आहे. मग आपला एखादा आठवडा कोरा गेला म्हणून वही कोनाड्यात टाकून का द्यावी? अंगणातील रांगोळीही दुसऱ्या दिवशी पुसली जाते. म्हणून आई रांगोळी काढावयाची थांबत नाही.

भ्रमणध्वनीतही हे सर्व टिपता येते, हे मी जाणते. परंतु अनेक घरांत तो एकच असतो, आणि वडील कामावर जाताना तो बरोबर नेतात. वही मात्र दप्तरात राहते. शिवाय आपल्या हाताने आखलेल्या पानाशी जो जिव्हाळा जडतो, तो वेगळाच.

ती मुलगी शाळा सोडून गेली, त्या दिवशी वही दाखवावयास पुन्हा आली होती. वेष्टन विटले होते, कडा झिजल्या होत्या. पण चारी बाजूंस सोडलेल्या जागेमुळे अक्षर न् अक्षर शाबूत होते. शेवटच्या पानावर तिने नव्या वर्षाचे रकाने आखून ठेवले होते. ते अजून कोरे होते.

विद्यार्थिमित्रहो, जुन्या वह्यांतील कोरी पाने आज संध्याकाळीच काढा. सुईदोरा घरात आहेच.