पावसात कँटिलिव्हर ब्रेक का दगा देतात?

प्रश्न : माझ्या सायक्लोक्रॉस सायकलीला कँटिलिव्हर ब्रेक आहेत. पावसात कान्हेरीचा उतार उतरताना ते नीट लागत नाहीत, पुढचा फोर्क थरथरतो. डिस्क ब्रेक बसवू का?
– एक वाचक, बोरिवली (पूर्व)

उत्तर : डिस्कसाठी फ्रेम, फोर्क आणि चाकांचे हब वेगळे लागतात, त्यामुळे तो खर्च आधी नको. प्रथम पावसाळी रबराचे ब्रेक पॅड घाला, रिम स्वच्छ पुसा आणि पॅडमध्ये रुतलेली कच सुईने काढा. पॅडचे पुढचे टोक रिमला किंचित आधी टेकू द्या.

दोन्ही बाहूंना जोडणारी आडवी केबल खाली घेतली की पकड वाढते. मात्र पॅड रिमच्या जवळ ठेवावे लागतात आणि चिखलाला जागा कमी उरते. तुम्ही मुख्यतः डांबरी रस्त्यावर चालवत असाल, तर केबल खालीच ठेवा. टायरपासून अंतर मात्र राखा.

थरथर थांबवायला केबलचा टेकू हेडसेटवरून काढून फोर्कच्या माथ्यावर बसवा. तरीही भागले नाही, तर मिनी व्ही-ब्रेक घ्या. ते रोड सायकलच्या लिव्हरवर चालतात. नेहमीच्या लांब व्ही-ब्रेकना जास्त केबल ओढावी लागते.

ओल्या उतारावर ब्रेक नेहमी लवकर धरा, कारण आधी रिमवरचे पाणी निपटते, मगच पकड मिळते.