वेढा पडला असता घेतलेले शेत
(कौटुंबिक उपासनेसाठी पाठ. शास्त्रभाग : यिर्मया 32 : 1–25)

भरवसा हा शब्द आपल्या मंडळ्यांत नित्य कानी पडतो. परंतु पुढील वर्षी शेत आपले राहील की नाही हेच ज्या घरास ठाऊक नाही, त्या घराने भरवसा ठेवावा म्हणजे काय करावे? देव सर्व ठीक करील असे म्हणून स्वस्थ बसणे, यासच पुष्कळ जण भरवसा समजतात. आजचा शास्त्रभाग निराळे शिकवितो.

हा प्रश्न आपल्या पुणे जिल्ह्यास नवा नाही. मुंबईस वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळशी पेट्यात, नीला व मुळा या नद्यांच्या संगमापाशी, धरण बांधावयास घेतले. त्यामुळे सुमारे 50 गावांवर संकट आले. 16 एप्रिल 1921 रोजी तेथील मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी झाले, व याच लढ्यात त्यांस ‘सेनापती’ हे नाव मिळाले. स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत. लढा सुमारे 3 वर्षे चालला. तथापि धरण झालेच, आणि आंबेमोहर भात पिकविणारी खाचरे पाण्याखाली गेली. त्यातून पुष्कळ जमिनी आधीच सावकारांच्या हाती गेलेल्या असल्यामुळे मोबदल्याचा मोठा वाटा कसणाऱ्यांस मिळाला नाही. ते लोक बहुतेक ख्रिस्ती नव्हते. परंतु जी चिंता त्यांच्या चुलीपाशी येऊन बसली, ती कोणत्याही घरी येऊ शकते. आज त्याच तालुक्यात पुणे शहर पसरत चालले आहे, आणि जमीन ठेवावी की विकावी, हा प्रश्न अनेक घरांपुढे आहे.

आता यिर्मयाकडे पाहा. बाबेलच्या राजाच्या सैन्याने यरुशलेमेस वेढा दिला होता, आणि संदेष्टा स्वतः राजवाड्याच्या चौकीत कैदेत होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल अनाथोथ येथील शेत विकावयास आला. जे शेत शत्रूच्या हाती जाणार ते कोण घेईल? परंतु परमेश्वराच्या सांगण्यावरून यिर्मयाने 17 शेकेल रुपे तोलून दिले व शेत घेतले. यावरून तीन गोष्टी शिकू या.

पहिली, यिर्मयाने कोणासही खोटा धीर दिला नाही. नगर पडणार हे तो उघड सांगत होता, आणि तेच सांगितल्यामुळे तो कैदेत होता. भरवसा सत्यास भीत नाही. पुष्कळ घरांत पती कर्जाची गोष्ट पत्नीपासून लपवितो, आणि सावकाराचा माणूस दारी आला म्हणजे तिला ती कळते. असे लपविणे म्हणजे भरवसा नव्हे. ज्यांनी एकत्र प्रार्थना करावयाची, त्यांनी हिशेबही एकत्र पाहावा.

दुसरी, त्याने व्यवहार चोख केला. खरेदीखत लिहिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि मोहोरबंद व उघडी अशी दोन्ही खते पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून बारूखाकडून मातीच्या पात्रात ठेवविली. देवावर भरवसा ठेवणाऱ्याने कागदाविषयी निष्काळजी असावे, असे शास्त्र कोठेही शिकवीत नाही. न वाचता अंगठा उठवू नये. ज्यांस वाचता येत नाही त्यांस कागद वाचून दाखविणे, ही उपदेशकाची सेवाच होय.

तिसरी, त्याने आधी आज्ञा पाळली, आणि मग मनातील गोंधळ देवापुढे मांडला. नगर शत्रूच्या हाती जात असता, प्रभो, तू मला शेत घ्यावयास का सांगितलेस, असा त्याच्या प्रार्थनेचा भाव आहे. देवाने त्यास दूर लोटले नाही. यास्तव घरातील भीती प्रार्थनेत बोलून दाखविण्यास लाजू नये. मुलांनाही ती ऐकू द्यावी. आईबाप भितात, तरी प्रार्थना करितात, हे पाहूनच मुले भरवसा शिकतात.

येथे एक कठीण गोष्ट ध्यानात धरावी. त्या शेताचे पीक यिर्मयास मिळेल, असे वचन देवाने दिले नाही. या देशात घरे, शेते व द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असे वचन त्याने प्रजेस दिले. तेव्हा, भरवसा ठेविला म्हणजे आपले शेत वाचेलच, असे उपदेशकाने कोणास सांगू नये. शेत जाऊ शकते. परंतु शेत गेले तरी देवाची सत्ता व त्याची प्रीती जात नाही. आणि आजच्या दिवसाचे कर्तव्य सत्याने करण्याचे बळ तो आज देतो. प्रभूने आपल्यास भाकर मागावयास शिकविले, तीही आजचीच.

घरात विचार करण्यासारखे प्रश्न :
1. आपल्या घरावर किती कर्ज आहे, हे पतिपत्नी दोघांसही ठाऊक आहे काय?
2. आपले महत्त्वाचे कागद कोठे आहेत, व त्यांत काय लिहिले आहे?
3. जी भीती आपण अद्याप देवापुढे मांडली नाही, ती कोणती?

प्रार्थनेचा विषय : ज्यांची घरे व शेते गेली, ती सर्व कुटुंबे, मग ती कोणत्याही धर्माची असोत.