नंदुरबारचे बदललेले महामार्ग आणि वेगाची मर्यादा

नंदुरबार जिल्ह्यातील मोठ्या रस्त्यांचे क्रमांक, रुंदी, वळणे आणि त्यांवरील फलक गेल्या दीड दशकात इतके बदलले आहेत की, ज्याला येथला रस्ता तोंडपाठ आहे त्या स्थानिक चालकाच्या हातूनच चूक होण्याचा संभव नवख्या चालकापेक्षा अधिक असतो, असा येथे वर्षानुवर्षे वाहन चालवणाऱ्यांचा अनुभव आहे. नवखा मनुष्य फलक वाचत जातो, तर स्थानिक मनुष्य आठवणीवर चालतो, आणि ती आठवण बहुधा जुन्या रस्त्याची असते. या अनुभवातून जे हाती लागले ते इतरांच्या उपयोगी पडावे, या हेतूने हे विवेचन केले आहे.

1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा येथे राष्ट्रीय महामार्ग म्हणून लोकांना ठाऊक असलेला रस्ता म्हणजे नवापूर तालुक्यातून जाणारा सुरत–नागपूर मार्ग, म्हणजेच त्या वेळचा क्रमांक 6. देशभरातील महामार्गांना 2010 मध्ये नवे क्रमांक देण्यात आले, तेव्हा हा मार्ग क्रमांक 53 झाला, आणि पुढे विसरवाडी, नंदुरबार, प्रकाशा, शहादा, खेतिया असा सेंधव्याकडे जाणारा रस्ता 752-जी या क्रमांकाने, तर शेवाळीहून निजामपूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा असा गुजरातेत नेत्रंगकडे जाणारा रस्ता 753-बी या क्रमांकाने राष्ट्रीय महामार्गांच्या यादीत आला. या क्रमांकांची पद्धत एकदा समजली की फलक वाचणे सोपे जाते. पूर्व–पश्चिम जाणाऱ्या मुख्य महामार्गाला विषम आणि उत्तर–दक्षिण जाणाऱ्याला सम क्रमांक दिला जातो, तीन अंकी क्रमांकातील शेवटचे दोन अंक तो फाटा कोणत्या मुख्य मार्गाचा आहे हे सांगतात, आणि मागे लावलेले अक्षर त्याच मार्गाच्या आणखी एका शाखेचे असते. म्हणजे 753-बी हा 53 चा फाटा, आणि 752-जी हा सेंधव्यातून जाणाऱ्या 52 चा. रस्त्याचा दर्जा बदलला की मैलाच्या दगडाचा माथाही बदलतो: राज्यमार्गाचा हिरवा, राष्ट्रीय महामार्गाचा पिवळा, आणि ग्रामसडक योजनेच्या रस्त्याचा नारिंगी.

खरी गल्लत येथूनच सुरू होते. दगडाचा माथा पिवळा झाला, हिरव्या पाटीवर राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक आला, रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला, म्हणजे वेगाची मुभाही वाढली, असा समज या जिल्ह्यात सर्रास आढळतो. परंतु कायद्याने वेगमर्यादा रस्त्याच्या नावावरून ठरत नाही, ती रस्त्याच्या रचनेवरून आणि वाहनाच्या वर्गावरून ठरते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 112 अन्वये केंद्र सरकार प्रत्येक वर्गाच्या वाहनासाठी कमाल वेग ठरवते, आणि 6 एप्रिल 2018 च्या अधिसूचनेने रस्त्यांचे द्रुतगती मार्ग, मधोमध दुभाजक असलेले चार किंवा अधिक पदरी रस्ते, नगरपालिका हद्दीतील रस्ते आणि इतर रस्ते असे गट पाडले आहेत. चालकाखेरीज आठांपर्यंत आसने असलेल्या मोटारीला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी 100 किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे, पण 'इतर रस्ते' या गटात तीच मुभा 70 पर्यंत उतरते. मोटारसायकलीला अनुक्रमे 80 आणि 60, मालवाहू वाहनालाही 80 आणि 60, बसला 90 आणि 60, तर तीनचाकी रिक्षाला दोन्हीकडे 50. दुभाजक नसलेला दुपदरी राष्ट्रीय महामार्ग हा या अधिसूचनेच्या दृष्टीने 'इतर रस्ता' होय, आणि 752-जी व 753-बी हे दोन्ही मार्ग जिल्ह्यातील बहुतेक लांबीत तसेच आहेत. शहाद्याहून नंदुरबारला निघालेल्या मोटारीने मोकळ्या रस्त्यावर 90 चा वेग धरला, तर वाटेत एकही फलक नसला तरी नियमभंग होतोच, कारण अधिसूचनेतील कमाल मर्यादा फलकावर अवलंबून नाही. उलट, राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी रस्त्याचे स्वरूप पाहून ही मर्यादा आणखी खाली आणू शकतो, आणि तशी ती आणली असेल तेथे लाल कडा असलेल्या गोल फलकावरचा काळा आकडाच अंतिम असतो.

फलकांच्या आकारालाच अर्थ असतो. गोल फलक आज्ञा देतो आणि तो मोडणे हा गुन्हा ठरतो. त्रिकोणी फलक पुढील धोक्याची सूचना देतो. आयताकृती फलक केवळ माहिती देतो. भिली, पावरी, अहिराणी, गुजराती आणि मराठी बोलणारे लोक एकाच रस्त्यावरून जात असलेल्या या जिल्ह्यात चित्रांची ही भाषा अक्षरांपेक्षा अधिक उपयोगाची आहे, आणि शाळांमधून ती शिकवली जावी इतकी ती महत्त्वाची आहे.

दुपदरी रस्त्याच्या रुंदीकरणाने जी फसगत होते तिच्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे, कारण येथील अनेक अपघातांचे मूळ तिच्यात आहे. नव्या पद्धतीच्या दुपदरी महामार्गात सात मीटर रुंदीचा मुख्य रस्ता आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर पक्की साइडपट्टी, असा सुमारे दहा मीटरचा सलग पृष्ठभाग असतो. मुख्य रस्ता आणि साइडपट्टी यांच्यामध्ये फक्त एक पांढरी रेघ असते, जी धुळीने पुसट झाली की रात्री दिसत नाही. पुढे जाण्याच्या घाईत असलेला चालक या दहा मीटरांत तीन वाहनांची जागा पाहतो, समोरचे वाहन साइडपट्टीवर सरकेल असे गृहीत धरतो आणि ओलांडू लागतो. पण ती साइडपट्टी रिकामी नसते. आठवडी बाजाराहून पायी परतणारी माणसे, सायकली, शेळ्या, पंक्चर काढण्यासाठी थांबलेला ट्रक आणि ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याकडे चाललेल्या बैलगाड्या व दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर हे सारे तिच्यावरूनच जात असतात. पुरुषोत्तमनगर, समशेरपूर आणि डोकारे या तिन्ही ठिकाणी साखर कारखाने असल्यामुळे थंडीच्या महिन्यांत जिल्ह्याचा कोणताही मोठा रस्ता याला अपवाद राहत नाही. उसाने भरलेल्या ट्रॉलीचा मागचा भाग रात्री कसा दिसतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगावे लागत नाही: वाढे आणि मोळ्या बाहेर लोंबत असल्यामुळे मागचा दिवा आणि परावर्तक पट्टी झाकली जाते, समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्यांनी डोळे दिपलेले असतात, आणि ट्रॉली ध्यानात येते तेव्हा तिच्यातील ऊस मोजता येईल इतकी ती जवळ आलेली असते.

अंतराचा हिशेब येथे निर्दयपणे लागू पडतो. अडथळा दिसणे, तो मनाला उमगणे, पाय ब्रेकवर जाणे आणि वाहन प्रत्यक्ष थांबणे, या सर्वांना मिळून लागणाऱ्या लांबीला थांबण्याचे अंतर म्हणतात, आणि रस्त्यांची आखणी करताना भारतीय रस्ते परिषदेच्या मानकांनुसार ते ताशी 40 किलोमीटर वेगाला सुमारे 45 मीटर, 60 ला 80 मीटर, 80 ला 120 मीटर आणि 100 ला 180 मीटर धरले जाते. समोरच्याला त्रास नको म्हणून दिवे खाली केले की उजेड साधारण चाळीस-पन्नास मीटरच पोहोचतो. म्हणून दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून वाहन येत असताना रात्री 80 च्या वेगाने जाणारा चालक आपल्याला दिसत नसलेल्या रस्त्यावर जात असतो, मग त्याचे कौशल्य कितीही असो.

घाटांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तेथे आकड्यापेक्षा गिअरला महत्त्व असते. दहिवेल आणि विसरवाडी यांच्यामधील कोंडाईबारी घाट हा सुरत–नागपूर मार्गावरचा कठीण टप्पा आहे. येथे 21 ऑक्टोबर 2020 रोजी पहाटे सुरतेकडे जाणारी एक खासगी बस पुलावरून खाली कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला. फागणे ते गुजरात सीमा या टप्प्याचे चौपदरीकरण अनेक वर्षे रेंगाळल्यामुळे याच मार्गावर दुपदरी, चौपदरी आणि अर्धवट असे तुकडे दीर्घकाळ एकामागून एक येत राहिले, आणि चौपदरी तुकड्यावर अंगवळणी पडलेला वेग घेऊनच वाहने घाटाच्या तोंडाशी येत राहिली. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो आणि त्याची पकड सुटत जाते. त्यामुळे ज्या गिअरमध्ये घाट चढता येतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये, आणि अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, हे तीन नियम जुन्या चालकांच्या तोंडी आहेत आणि ते शास्त्राला धरून आहेत. सातपुड्यातील तोरणमाळ, चांदसैली आणि देवगोई या घाटांत तर रस्ता एका बाजूला डोंगराला आणि दुसऱ्या बाजूला दरीला लागून असतो, पावसाळ्यात दरडी येतात आणि धुके उतरते, अशा वेळी 30 चा वेगही अधिक ठरतो. ऑक्टोबर 2025 मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात दरीत कोसळून अनेकांचे प्राण गेले. पिकअप हे मालवाहू वर्गातील वाहन आहे, तिच्या हौद्यात उभ्या माणसांना धरायला काही नसते, आणि वळणावर त्यांचा भार एका बाजूला झुकला की वाहनाचा तोल चालकाच्या हाती राहत नाही. अस्तंब्याची यात्रा, काठीची राजवाडी होळी, त्याआधीचे भोंगऱ्या बाजार, सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा आणि दिवाळीनंतर गुजरातेत कामाला जाणाऱ्या कुटुंबांची ये-जा, हे दिवस ठरलेले असतात. त्या दिवसांत जादा बसगाड्या मिळाव्यात अशी मागणी गावाने महिनाभर आधी एस.टी. आगाराकडे लेखी करणे, हे पिकअपवर बंदी घालण्याइतकेच आवश्यक आहे, कारण दुसरे वाहनच नसेल तर लोक पिकअपमध्येच बसतील.

रस्त्याचे काम चालू असताना दिला जाणारा तात्पुरता वळणरस्ता हा आणखी एक धोका होय. काल डावीकडे असलेला वळणरस्ता आज उजवीकडे गेलेला असतो आणि जुना बाण तसाच राहिलेला असतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. नैसर्गिक आपत्तीनेही असे बदल रातोरात घडतात: सप्टेंबर 2023 मधील तापीच्या पुरात सारंगखेडा पुलाच्या जोडरस्त्याचा भराव वाहून गेला, तेव्हा त्या पुलावरची वाहतूक इतर मार्गांनी वळवावी लागली आणि त्या मार्गांवरील गावांतून अचानक अवजड वाहने जाऊ लागली. म्हणून पावसाळ्यात प्रकाशा, सारंगखेडा किंवा हातोडा यांपैकी कोणताही पूल ओलांडावयाचा असल्यास निघण्यापूर्वी तेथील एखाद्या ओळखीच्या माणसाला विचारून घेणे मोबाइलमधील नकाशापेक्षा अधिक भरवशाचे ठरते.

दंडाची बाजू थोडक्यात सांगता येईल. वेगमर्यादा ओलांडल्यास कलम 183 अन्वये हलक्या वाहनाला 1000 ते 2000 रुपये आणि मध्यम व अवजड वाहनाला 2000 ते 4000 रुपये दंडाची तरतूद आहे, आणि गुन्हा पुन्हा घडल्यास परवाना ताब्यात घेतला जाऊ शकतो. अपघात पाहणाऱ्याने पोलिसी चौकशीच्या भीतीने पुढे निघून जाऊ नये. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यास कलम 134-अ चे संरक्षण आहे, 108 वर रुग्णवाहिका, 112 वर पोलीस आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033 ही मदतवाहिनी उपलब्ध आहे.

चालकाच्या जबाबदारीइतकीच रस्ता बांधणाऱ्याची जबाबदारीही कायद्याने सांगितली आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 198-अ नुसार रस्त्याची आखणी, बांधणी आणि देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून वळणावरचे बाणांचे फलक पडलेले असतील, संरक्षक कठडा तुटलेला असेल, गावाच्या तोंडाशी वेगमर्यादेचा फलकच नसेल, तर चहाच्या टपरीवर हळहळ व्यक्त करण्यापेक्षा लेखी तक्रार करावी, आणि तिच्यात जवळच्या मैलाच्या दगडावरील किलोमीटरचा आकडा, महामार्गाचा क्रमांक, दिनांक आणि दिवसा व रात्री काढलेली छायाचित्रे द्यावीत, कारण 'अमुक गावाजवळचे वळण' एवढ्या वर्णनावर कोणतेही कार्यालय काम करू शकत नाही. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक घालू नयेत असे धोरण असल्यामुळे गावकऱ्यांनी केवळ गतिरोधकाचा हट्ट न धरता पांढऱ्या आडव्या जाड पट्ट्यांचे रंबलर, दिवे, फलक आणि पादचाऱ्यांसाठी ओलांडण्याची जागा मागावी.

अपघातप्रवण स्थळ, ज्याला सरकारी भाषेतही 'ब्लॅक स्पॉट' म्हटले जाते, त्याची राष्ट्रीय महामार्गांसाठीची व्याख्या अशी आहे की, सुमारे 500 मीटरच्या टप्प्यात मागील तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झालेले असावेत किंवा दहा माणसे दगावलेली असावीत. म्हणजे एखादे वळण या यादीत येईपर्यंत तेथे पुरेशी माणसे गेलेली असतात. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, शहादा आणि नंदुरबार या सहाही तालुक्यांतील महामार्गालगतच्या ग्रामसभांनी ती संख्या भरण्याची वाट न पाहता, आपल्या हद्दीतील धोक्याच्या जागांचा ठराव करून तो जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे येत्या पावसाळ्यापूर्वी पाठवावा.