कुंडीतील कंदांची हिवाळी निद्रा

मार्गशीर्ष लागला की फुटबॉल लिलीच्या कुंडीस मोठी अवकळा येते. पाने पिवळी पडून आडवी होतात आणि शेवटी कुंडीत नुसती माती उरते. रोप मेले असे समजून पुष्कळ घरी ती माती कंदासकट उकिरड्यावर जाते. वस्तुतः मातीखाली जीव सुखरूप असतो. तो निजलेला असतो, इतकेच. निजलेल्यास मेलेला समजण्याचा हा प्रमाद टळावा, म्हणून आम्ही या निद्रेचा येथे थोडा विचार करणार आहोत.

कंदाची रचना समजण्यासाठी स्वयंपाकघरातील कांदा उभा चिरून पाहावा. तळाशी जी चपटी चकती दिसते, तेच त्याचे खरे खोड. तिच्या खालून मुळे फुटतात. वरचे मांसल पदर म्हणजे पानांची बुडे असून त्यांत अन्न साठविलेले असते. मध्यभागी पुढचा कोंब जपलेला असतो. फुटबॉल लिलीचा कंदही याच धर्तीचा आहे.

ही वनस्पती मूळची आफ्रिकेतील. तिचे शास्त्रीय नाव स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस. जुन्या पुस्तकांत ती हिमँथस या नावाने आढळते. पाऊस सरल्यावर येणारा कोरडा काळ जमिनीखाली निजून काढावयाचा, हा तिचा स्वभाव. आपल्याकडेही पावसाळ्यानंतर दीर्घ कोरडा काळ येतो; म्हणून ती येथे सहज रुळली.

आता निगा कशी राखावी ते पाहू. पाने हिरवी असेतो ती कापू नयेत, कारण कंदासाठी अन्न तयार करण्याचे काम तीच करीत असतात. ती पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करावे. पूर्ण वाळल्यावर काढून टाकावी आणि कुंडी पडवीत, कोरड्या सावलीत ठेवावी. निजलेल्या कंदाचा खरा शत्रू ओलावा होय. पाने नसल्यामुळे त्यास पाणी फारसे लागत नाही. मग मुळाशी साचलेल्या पाण्याने तो कुजतो. दयेपोटी रोज तांब्याभर पाणी घालणे म्हणूनच घातक ठरते. ग्वाल्हेरसारख्या कडाक्याच्या थंडीच्या गावी मात्र कुंडी रात्री उघड्यावर राहू देऊ नये. कुंडीतील माती चोहोंकडून गार होते, ही गोष्ट ध्यानात असावी.

कंद दरवर्षी उकरून पाहण्याचा मोह आवरावा. मुळे दुखावली तर फुलणे लांबते. कुंडीत फारच दाटी झाली तर उन्हाळ्याच्या आरंभी कंद वेगळे करावे. शेणखत व थोडी वाळू मिसळलेल्या मातीत ते मान जेमतेम झाकेल इतके खोल लावावे. हा कंद विषारी आहे. तो हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत आणि लहान भावंडांस व गुरांस त्यापासून दूर ठेवावे.

वैशाखाच्या सुमारास वळवाचा शिडकावा झाला, की त्या उजाड मातीतून एक जाड दांडा वर येतो आणि शेकडो बारीक फुलांचा लाल चेंडू उमलतो. दुर्दैव असे की, तेव्हा शाळेस सुटी असते! म्हणून आम्ही सुचवितो की, पाने वाळताच प्रत्येक कुंडीवर कंदाचे नाव लिहिलेली चिठ्ठी लावावी आणि सुटीत तिच्याकडे पाहण्याची पाळी वाटून घ्यावी. चिठ्ठी असली म्हणजे माती कोणी फेकणार नाही, आणि पाळी असली म्हणजे फूल कोणी पाहिल्यावाचून सुकणार नाही.